अर्ध्या तासात येते

“कुठं निघालीस, उजू?” आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

मी दाराशी स्टुलावर बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. जरा मैदानावर चालून येते, म्हणाले. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि माझ्या पायांकडे बघत उभी राहिली.

“चालायला पळायचे बूट?”

“यांचा तळ मऊ आहे. नडगीला बरं वाटतं.”

“किती वेळ?”

“अर्ध्या तासात येते.”

“मग मी तोवर आंघोळ उरकते. आलीस की पोहे टाकू.”

मी बरं म्हणाले आणि दार ओढून घेतलं. फोन आत चार्जिंगला लावला होता, तो तसाच ठेवला. विसरून नव्हे. आईचा फोन आला आणि मी उचलला, तर माझी धाप तिला ऐकू जाईल, म्हणून.

तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. साताऱ्यात शाहूपुरीत, दुसऱ्या मजल्यावर, आम्ही दोघीच राहायचो. माझं लग्न फार दिवस टिकलं नाही, आणि वडील त्याच्याही आधी गेले होते. धाकटा भाऊ सतीश नागपूरला. मी एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होते. आई टेलिफोन एक्स्चेंजमधून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेली. सगळी नोकरी कानाला हेडफोन लावून लोकांचे कॉल जोडण्यात गेली, त्यामुळे तिचं बोलणं मोजकं आणि कान फार तिखट. दुकानातून फोन करून मी नुसतं ‘हॅलो’ म्हटलं, तरी आज गिऱ्हाइकाशी वाजलंय की डोकं दुखतंय, ते तिला कळायचं.

पळायला लागून मला तीन वर्षं झाली होती. शुगर काठावर आली म्हणून सुरुवात केली. आमच्या दुकानाशेजारच्या बँकेतले जगदाळे सर क्रेप बँडेज न्यायला यायचे, त्यांचा पंधरा-वीस जणांचा ग्रुप दर रविवारी पहाटे यवतेश्वरच्या घाटात पळायला जायचा. या एकदा, म्हणाले. पहिल्या दिवशी मी पहिल्या वळणापर्यंतही पोचले नाही. कठड्याला धरून ओकले. पुढच्या रविवारी पुन्हा गेले. विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळायचं, तिथून पुढच्यापर्यंत चालायचं, असं करत करत पावसाळा संपेस्तोवर वरच्या देवळापर्यंत न थांबता जायला लागले. गेल्या महिन्यात जमत नव्हतं ते या महिन्यात जमतंय, असं माझ्या आयुष्यात बऱ्याच वर्षांत काही घडलं नव्हतं. आईनं सुरुवातीला नाक मुरडलं. या वयात पँट घालून रस्त्यानं पळायचं म्हणजे काय, असं तिचं होतं. मग एक दिवस न सांगता रात्री बदाम भिजत घालायला लागली.

आमच्याकडे दर सप्टेंबरात घाटातून एकवीस किलोमीटरची शर्यत होते. त्या वर्षी मी पहिल्यांदाच नाव दिलं. आणि जुलै संपता संपता डाव्या नडगीत दुखायला लागलं. आतल्या बाजूला एका जागी बोट टेकवलं तरी कळ जायची. हाडांच्या डॉक्टरांकडे गेले, तेव्हा आई बरोबर होती. तपासण्या बघून ते म्हणाले, हाडावर ताण आलाय, भेग पडायच्या बेतात आहे, सहा आठवडे पळणं पूर्ण बंद. शर्यत तर त्याच्या आधीच होती. पुढच्या वर्षी पळा, म्हणाले, शर्यत कुठं जात नाही. घरी येताना रिक्षात आई म्हणाली, “ऐकशील ना?” मी मान डोलावली.

आणि खरंच ऐकलं, थोडे दिवस. मग दुखणं कमी झालं. जगदाळे सरांचे ग्रुपवर रोज मेसेज यायचे, कोण किती पळालं त्याचे. शर्यतीआधीचा शेवटचा लांब पल्ला त्या रविवारी होता. मनात यायला लागलं, डॉक्टर नेहमी जास्तच दिवस सांगतात. शनिवारी दुकान बंद करताना मी वेदनाशामक गोळ्यांची पट्टी पर्समध्ये टाकली. याच गोळ्या मागायला येणाऱ्यांना मी रोज सांगायचे की डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, दुखणं दबतं आणि इजा वाढते.

रविवारी आईला मैदानाचं सांगून निघाले ती थेट घाटाच्या पायथ्याला आले. समर्थ मंदिरापाशी सगळे जमले होते. धुकं होतं. सरांनी विचारलं, पाय कसा आहे? डॉक्टरांनी परवानगी दिली, मी म्हणाले.

गोळी घरूनच घेऊन निघाले होते. चढ सोपा गेला. इतका सोपा की मला हसू येत होतं. पाय बरा झालाय, असंच वाटलं मला. देवळापाशी काही जण मागं फिरले, मी पुढं कासच्या रस्त्याला लागले. कितीतरी दिवसांनी पळत होते. धुक्यातून खालचं गाव मधूनच दिसायचं आणि जायचं. खोटं वाटेल, पण त्या सगळ्या वेळात मला आईची एकदाही आठवण झाली नाही.

परतताना उतारावर, एका वळणाला, नडगीत काहीतरी लचकन झालं. पाऊल टेकवेना. कठड्यावर बसून राहिले. मागून येणाऱ्यांना म्हणाले, व्हा पुढं, मी चालत येते, जरा पेटका आलाय. ते गेले. मग लंगडत उतरायला लागले. थोड्या वेळानं दुधाची एक जीप शेजारी थांबली. ड्रायव्हर म्हणाला, ताई, बसा, गावात सोडतो. मी नको म्हणाले. खाली समर्थ मंदिरापाशी ग्रुपमधले चहा पीत उभे असणार, शर्यतीत नाव दिलेली बाई त्यांच्यासमोर जीपमधून उतरणार, याची लाज वाटली. एवढंच कारण. जीप वळणाआड गेली आणि मी चालत राहिले.

घरी पोचले तेव्हा नऊ वाजून गेले होते. जिन्याला धरून धरून वर आले, दार उघडलं. ओट्यावर कांदा चिरून झाकून ठेवलेला होता. पोहे चाळणीत काढलेले होते, अजून भिजवलेले नव्हते. घरात काहीच आवाज नव्हता.

“आलीस?” बाथरूममधून आई म्हणाली.

आवाज फार खालून आला. ती कडी कधी लावायची नाही. मी दार लोटलं. ती फरशीवर कुशीवर पडलेली होती, उजवा पाय भलत्याच दिशेला वळलेला. बादली भरलेली तशीच. मी वाकले तर म्हणाली, “आधी टॉवेल टाक.” टॉवेल टाकला. मग म्हणाली, “गाऊन आण. साडी नको.” अंग बर्फासारखं गार पडलं होतं आणि ओठ निळसर झाले होते. गाऊन कसाबसा घातला, तेव्हा तिनं पहिल्यांदा कण्हायला सुरुवात केली.

“कधी पडलीस?” मी विचारलं.

“तू गेलीस आणि मी आत आले,” ती म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.

मग शेजारच्या बागवानभाभींना हाक मारली, अँब्युलन्स आली, सगळं झालं. खुब्याचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन केलं. आधी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, पडल्यावर किती वेळ तशाच होत्या? मी तिच्या पायाशी उभी होते. तिनं माझ्याकडे बघितलं आणि डॉक्टरांना म्हणाली, “थोडा वेळ.” सतीश नागपूरहून आला, त्यालाही तेच सांगितलं. उजू मैदानावर गेली होती, थोड्या वेळात आली. मी तिथंच होते दोन्ही वेळेला. काही बोलले नाही.

सतीशची रजा संपली आणि तो गेला. मी दुकानातून बिनपगारी सुट्टी घेतली.

त्यानंतर मी जे केलं त्याला शेजारीपाजारी सेवा म्हणायचे. बागवानभाभी सगळ्यांना सांगायच्या की अशी मुलगी मिळायला भाग्य लागतं. आईचं दूध, औषध, बेडपॅन, अंग पुसणं, केस विंचरणं, सगळं मी करायचे. तिचे हात धडधाकट होते, तरी मी चमच्यानं भरवायचे. ती पाणी म्हणायच्या आत पाणी आणायचे. दिवसातून कितीतरी वेळा दोन मजले उतरायचे आणि चढायचे, कधी शहाळं, कधी पेपर, कधी नुसतीच तिला आवडतात म्हणून मोगऱ्याची फुलं. पळायचे बूट कचरा नेणाऱ्या बाईला देऊन टाकले. ग्रुपमधून बाहेर पडले. जगदाळे सर एकदा भेटायला आले, त्यांना दारातूनच वाटेला लावलं.

पाय दाखवायला मात्र गेले नाही. नडगी सुजली होती. सलवारखाली बँडेज गुंडाळायचे आणि कामाला लागायचे. गोळी एकही घेतली नाही. पाऊल टेकताना कळ मस्तकात जायची आणि मला बरं वाटायचं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

आई गप्प असायची. छताकडे बघत पडून राहायची. दिलेलं खायची, उलटून बोलायची नाही. तिच्या त्या शांतपणाची मला इतकी भीती वाटायची की मी आणखी काहीतरी करायला धावायचे.

फिजिओथेरपिस्ट रेश्मा मुल्ला एक दिवसाआड यायच्या. तिशीतल्या, हसऱ्या, पण कामात कडक. काकू, आज दाराशी जाऊन यायचं हं, म्हणायच्या. आई वॉकरला धरून उभी राहायची, चेहरा पांढरा पडायचा, आणि मी लगेच म्हणायचे, आज राहू द्या, फार दुखतंय तिला. आई पुन्हा आडवी व्हायची. असं चार-पाचदा झाल्यावर रेश्माताईंनी मला जिन्यात थांबवलं. ऑपरेशन चांगलं झालंय, म्हणाल्या, त्या उठत नाहीत कारण त्यांना उठायची गरजच पडत नाही. तुम्ही पडू देत नाही. असंच आणखी महिनाभर चाललं तर त्या पुन्हा चालतील याची खात्री मी देणार नाही. त्या दिवशी जाताना त्यांनी पाण्याचा तांब्या आईच्या उशाजवळून उचलून समोरच्या टेबलावर ठेवला आणि मला म्हणाल्या, हा इथून हलवायचा नाही.

मला ते पटलं होतं. तरी दुपारी आईनं “पाणी” म्हटलं आणि मी स्वयंपाकघरातून धावले.

टेबलावरचा तांब्या उचलून वळताना डावा पाय दुमडला. हातातला तांब्या सुटला, मी पलंगाच्या कडेला धरलं आणि पाण्यातच खाली बसले. तोंडातून आवाज बाहेर पडला तो मला आवरता आला नाही.

आईनं मान वळवून बघितलं.

“सलवार वर कर,” ती म्हणाली.

“काही नाही गं. पाणी सांडलं म्हणून घसरले.”

“वर कर.”

मी केली. बँडेजच्या वर आणि खाली पाय फुगलेला होता. तिनं तो बराच वेळ बघितला. डॉक्टरांना दाखवलंस का, तिनं विचारलं. नाही म्हणाले. गोळी घेतेस का? नाही.

“कुणासाठी चाललंय हे सगळं?”

“तुझ्यासाठी, आई.”

“माझ्यासाठी?” ती कोपरावर भार देऊन थोडी उठली. दवाखान्यातून आल्यापासून ती आपणहून पहिल्यांदाच उठत होती. “त्या दिवशी बागवानभाभी बेल वाजवून गेली, माहीत आहे का तुला?”

मी नाही म्हणाले. मला कुणी सांगितलं नव्हतं.

“वाटी घेऊन आली असेल साखरेला. दोनदा वाजवली. मग जिन्यानं वरचे लोक गेले, पेपरवाला आला. मला सगळं ऐकू येत होतं. हाक मारली असती तर खालच्या मजल्यापर्यंत गेली असती. माझा आवाज काय तुला माहीत नाही?”

“मग का नाही मारलीस?”

“अंगावर सूत नव्हतं माझ्या,” आई म्हणाली. “बाहेरचं दार तोडून पुरुष माणसं आत आली असती. म्हटलं, नको. उजू अर्ध्या तासात येतेय. तेवढं सोसू.”

पंखा फिरत होता. ओली सलवार पायाला चिकटली होती. मी तिच्याकडे बघू शकत नव्हते.

“अर्धा तास झाला असेल तेव्हा वाटलं, आता येईल. मग वाटलं, वाटेत कुणी भेटलं असेल. मग वाटलं, फोन तरी करावा, आपला कुठं ठेवलाय ते आठवायला लागले, आणि आतल्या खोलीत तुझ्याच फोनची रिंग वाजली. कुणाचा तरी आला होता. तेव्हा कळलं मला. फोन ठेवून गेलीस म्हणजे घाटात गेलीस. म्हणजे अर्ध्या तासात येत नाहीस. त्यानंतर हाक मारायला आवाजच निघेना, गारठले होते. मग पडल्या पडल्या शिव्या दिल्या तुला. आईनं मुलीला देऊ नयेत अशा.”

“आई, मला माफ—”

“माफी मागू नकोस,” ती म्हणाली. “मागितलीस तर मला द्यावी लागेल, आणि माझ्याच्यानं ती आत्ता देववत नाही. राग आहे मला. आहे तो राहू दे माझ्यापाशी, जाईल तेव्हा जाईल. पण तू हे काय लावलंयस? चमच्यानं भरवतेस, माझे हात मोडलेत का? फुलं काय आणतेस. लंगडत जिने चढतेस आणि मला इथं पडून ती पावलं ऐकायला लावतेस. एक पाऊल नीट, एक पाऊल घासत. मला कळत नाही का, काय झालंय ते? पहिल्या दिवसापासून कळतंय. मी वाट बघत होते, स्वतः सांगतेस का. लंगड्या माणसावर रागवायचं तरी कसं, सांग मला. तू तेवढीही जागा ठेवली नाहीस.”

मी टाइल्सवरच्या पाण्याकडे बघत बसले होते, आणि मला एकच कळत होतं की इतके दिवस मी जे काही करत होते त्यातलं तिनं काहीच मागितलेलं नव्हतं.

ती हळूहळू पलंगाच्या कडेला सरकली. मी उठायला लागले तर म्हणाली, “तू बस.” वॉकर हाताला लागत नव्हता. तिनं दोनदा हात लांबवला, तिसऱ्यांदा तो बोटानं ओढून घेतला. उभी राहिली. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. माझ्या शेजारून, पाणी चुकवत, ती पाऊल पाऊल करत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. आतून भांड्याचा आवाज आला, नळाचा आवाज आला. बऱ्याच वेळानं ती तिथूनच म्हणाली, “आता डॉक्टरांना फोन लाव. तुझ्या पायासाठी.”

हाडाला भेग पडली होती. डॉक्टर फार बोलले नाहीत, पण जे बोलले ते ऐकण्यासारखं नव्हतं. पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टरसारखा कडक बूट चढवला, जिने बंद केले. दिवसभरासाठी एक बाई ठेवावी लागली, ती आम्हा दोघींचं करायची. रेश्माताई आता दोघींना एकदमच व्यायाम द्यायच्या. आम्ही समोरासमोर खुर्च्यांवर बसायचो. आई मांडी ताठ करून पाय उचलायची, मी पायाची बोटं वर-खाली करायचे. ती मोठ्यानं आकडे म्हणायची, आणि मी मध्येच सोडलं की तिथंच थांबून माझ्याकडे बघत राहायची.

शर्यत त्याच काळात होऊन गेली. सकाळी खालच्या रस्त्यावरून टी-शर्ट घातलेली माणसं घोळक्यानं जाताना दिसली. त्या संध्याकाळी मी सतीशला फोन करून काय झालं होतं ते सगळं सांगितलं. मैदान नाही, घाट. थोडा वेळ नाही, कितीतरी वेळ. जीपचंही सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग “बरं” म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानंतर दिवाळीपर्यंत तो आईशीच बोलायचा, माझी चौकशी करायचा नाही. ते बरोबरच होतं. सतीशला फोन केल्याचं आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “कळलं. आवाज येत होता.”

ती पुढं सात वर्षं जगली. तिचा राग गेला की नाही, मला नक्की सांगता येणार नाही. भांडण झालं की कधीतरी ते निघायचं, अगदी शेवटच्या वर्षातसुद्धा. ती बोलायची, मी ऐकून घ्यायचे, आणि मग आम्ही जेवायला बसायचो. माफीचा शब्द मी पुन्हा काढला नाही.

दिवाळी झाल्यावर डॉक्टरांनी मला हळूहळू पळायला हरकत नाही म्हणून सांगितलं. मी घरी येऊन ते सांगितलंच नाही. पुन्हा पळायचं नाही, हे माझं ठरलेलं होतं. पण तिच्यापासून काय लपणार! तिनं रेश्माताईंना विचारलं असावं. एका सकाळी चहा पिता पिता म्हणाली, “आज जाऊन ये.”

“कुठं?”

“पळायला.”

मी नाही म्हणाले. आता ते संपलं, आता नको. तिनं कारण विचारलं. तू आत आणि मी बाहेर, माझं पाऊल उचलणार नाही, मी म्हणाले. आणि हे अगदी खरं होतं. दुकानात जायचे तर दर तासाला फोन करायचे. भाजी आणायला गेले तरी घामेजून परत यायचे.

आईनं कप खाली ठेवला. “मी एवढी धडपड करून चालायला शिकतेय ती काय तू दारात पहारा देत बसावीस म्हणून? मला पहारेकरी नको घरात. मी बाथरूमला एकटी जाते, कडी न लावता जाते, आणि अजूनही भीती वाटते. तरी जाते. तू पण जा.”

“कशात जाऊ? बूट नाहीत.”

“दुकानात घालतेस ते कॅनव्हासचे घाल. कुठं डोंगर चढायचाय आज.”

मी कपडे बदलले. फोन घेतला. तो तिला दाखवून खिशात टाकला. दारापर्यंत गेले तर ती मागून म्हणाली, “किल्ली ठेव.”

“किल्ली कशाला ठेवू?”

“दार मी उघडणार.”

मी तिच्याकडे बघितलं. ती खुर्चीत ताठ बसली होती, वॉकर शेजारी. मी किल्ली टेबलावर ठेवली आणि बाहेर पडले. लॅच मागं खट्कन लागलं.

घाटाकडे गेले नाही. मागच्या कॉलनीतला सपाट रस्ता धरला. थोडं पळायचं, थोडं चालायचं, रेश्माताईंनी सांगितलं होतं तसं. पहिल्या वेळेला पाय उचलले तेव्हा नडगी दुखेल म्हणून इतकी आखडले होते की खांदेच दुखायला लागले. नडगी दुखली नाही. धाप मात्र लागली, अगदी पहिल्या दिवसासारखी. एक कुत्रं थोडा वेळ बरोबर आलं आणि कंटाळून थांबलं. फोन मी हातातच धरला होता. सारखी बघत होते. लावावासा वाटत होता, पण लावला नाही. तिला पाय टेकत टेकत फोनपर्यंत यावं लागेल, आणि घाईत ती पडेल, असं वाटत होतं. मग वाटलं, ती आत्ताच पडली असेल. मी चालायचं सोडून पळायला लागले, आणि पळत पळतच घरी आले, अर्धा तास व्हायच्या कितीतरी आधी.

जिना चढून बेल वाजवली.

आत काही हललं नाही. पुन्हा वाजवली. हात सवयीनं खिशाकडे गेला आणि रिकामा परत आला. बागवानभाभींचं दार बंद होतं. मी दाराला कान लावला. माझाच श्वास ऐकू येत होता, दुसरं काही नाही. हाक मारायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात लांबून, आतल्या खोलीतून, वॉकर टेकल्याचा आवाज आला. मग पाऊल. मग थांबणं. मग पुन्हा वॉकर.

“येतेय,” आई आतून म्हणाली. आवाज एकदम स्पष्ट, एक्स्चेंजमधल्यासारखा.

दारापासून तिची खोली दहा-बारा पावलांवर. ती पावलं संपतच नव्हती. मी पायरीवर टेकले, मग पुन्हा उभी राहिले.

“सावकाश ये,” मी म्हणाले. “मी इथंच आहे.”